पन्नास माणसांची परवानगी

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन
तथा अध्यक्ष, राज्य कार्यकारी समिती (आपत्ती व्यवस्थापन),
मंत्रालय, मुंबई.

विषय : पुढच्या साथीचा आदेश काढण्याआधी मागच्या आदेशांचा हिशेब करण्याबाबत.
संदर्भ : आपल्याच कार्यालयाचे आदेश, मार्च 2020 पासून पुढचे.

महोदय,

हे पत्र मी आपल्या खुर्चीला लिहीत आहे. 2020 पासून आजवर तिथे बसणारी माणसं बदलली, पुढेही बदलतील. पण 1897 चा साथरोग कायदा आणि 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांचा हवाला देऊन टाळेबंदीचे जे आदेश निघाले, ते त्या खुर्चीच्या सहीने निघाले. म्हणून जाबही तिलाच विचारते आहे.

मी बीड जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका. बालाघाटाच्या डोंगरातलं गाव. पाऊस पडला तर बाजरी-कापूस, नाही पडला तर ऊसतोडीचा कोयता. पडला तरी बऱ्याच घरांना कोयताच. अशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवलं. गावाचं नाव देत नाही. ज्या मुलींबद्दल लिहिणार आहे त्या आसपासच्याच वाड्यांवर नांदतात. नाव दिलं की संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा सुरू होईल, आणि त्रास त्यांनाच होईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. रोग खोटा होता, टाळेबंदी म्हणजे थोतांड होतं, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. 2021 च्या एप्रिलच्या शेवटी अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून 22 मृतदेह स्मशानात नेले, ते साऱ्या देशाने पाहिलं. त्या महिन्यात आमच्या भावकीतले दोघे गेले. गर्दी टाळायलाच हवी होती. आदेश काढायलाच हवे होते. माझं म्हणणं त्या आदेशांच्या एका ओळीबद्दल आहे, आणि त्या ओळीच्या आजूबाजूला जे बंद केलं गेलं त्याबद्दल.

15 सप्टेंबर 2020 ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. शाळा बंद, म्हणजे शिक्षक मोकळे, असा साधा हिशेब. आशाताई, गावातला एक पोरगा आणि मी, असे तिघे घरोघर फिरत होतो. हातात ताप मोजायची बंदूक, ऑक्सिमीटर आणि भरायचा तक्ता : ताप किती, ऑक्सिजन किती, खोकला आहे का, शुगर-बीपीचा जुना आजार आहे का. एका वाडीवर ओट्यावर नवी नवरी बसलेली. हिरवा चुडा, मेंदी उडत आलेली, पदर कपाळापर्यंत. मी म्हटलं, बोट पुढे कर. तिने मान वर केली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही?”

मार्चपर्यंत ती माझ्या आठवीच्या वर्गात होती.

ऑक्सिजन 98. ताप नाही. जुना आजार नाही. वय विचारलं तर तिच्या आधी सासू बोलली, “एकोणीस.” मी एकोणीस लिहिलं. तिची खरी जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरात माझ्याच अक्षरात आहे, तरी मी एकोणीस लिहिलं. आशाताईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. पुढची तीस घरं उरली होती. तेव्हा या पत्रात कुणाला दोष द्यायचा असेल तर यादीत पहिलं नाव माझं घाला आणि मग पुढे वाचा.

तिचं लग्न जूनमध्ये लागलं होतं. पाव्हणे बघायला आले, पसंती झाली, साखरपुडा ठरला आणि साखरपुड्यातच अक्षता पडल्या. त्या दोन वर्षांत आमच्याकडे हा शब्द फार चालला : ‘साखरपुड्यातच उरकलं’. वर्तमानपत्रांनी सुरुवातीला त्याचं कौतुकही केलं. खर्चाला फाटा, साधेपणाने विवाह, नवा आदर्श. फोटोत नवरा-नवरी मास्क लावून उभे. मास्कमागचा चेहरा किती वर्षांचा, हे बातमी लिहिणाऱ्याला दिसलं नसावं.

2020 च्या मे महिन्यापासून लग्नाला 50 माणसांची मर्यादा आली. कागदावर ती गर्दी कमी करण्यासाठी होती, आणि गर्दी तिने कमी केलीही. पण आमच्या भागात लग्न म्हणजे काय ते त्या ओळीच्या लेखकाला ठाऊक नसावं. मुलीचं लग्न म्हणजे गावजेवण, भावकीचा मानपान, बस्ता, मांडव, आचारी, बँड, आणि हुंडा हा शब्द न उच्चारता द्यायचं ते सगळं. त्यासाठी बाप मुकादमाकडून जादा उचल घेतो किंवा सावकाराचं दार वाजवतो, आणि पुढचे दोन-तीन हंगाम नवरा-बायको त्या लग्नाचा ऊस तोडत राहतात. ज्याला दोन-तीन मुली त्याचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. आणि अचानक सरकारनेच सांगितलं, पन्नासाच्या वर माणूस बोलवायचा नाही. भावकीला न बोलावण्याचं कारण मिळालं, तेही सरकारी. मानपानाचा प्रश्नच मिटला. माझ्या ओळखीच्या एका आईने मला सरळ सांगितलं, “बाई, आत्ता उरकलं तर फुकटात उरकतंय. उद्या करोना गेला की परत गाव जेवू घालावं लागंल.” तिच्या गणितात मला तरी चूक काढता आली नाही. धाकटीचं लग्न थोरलीबरोबर एकाच मांडवात लावणारेही होते. परवानगी एकच, पन्नास माणसं तीच.

म्हणजे गर्दी आवरायला घातलेल्या मर्यादेने लहान मुलीचं लग्न स्वस्त केलं.

आणि दुसरं केलं ते जास्त वाईट. ते लग्न दिसेनासं केलं. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात सज्ञान नवरदेवाला, मुलीच्या बापाला आणि लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कायद्याच्या भीतीने किती लग्नं थांबतात ते सोडा, पण बभ्रा होईल या धास्तीने थांबतात. पत्रिका छापायची तर छापखानेवाला तारीख विचारतो. मांडववाला, आचारी, वाजंत्री, फोटोवाला, भटजी, जेवायला आलेले चारशे जण. यातल्या कुणाचं तरी त्या घराशी जुनं वैर असतं. तोच 1098 ला फोन करतो. आमच्याकडे मुली वाचल्या त्यातल्या कित्येक भाऊबंदकीने वाचवल्या, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. पन्नासाच्या लग्नात वैऱ्याला आमंत्रण नसतं.

गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची. तो त्या काळात काय करत होता? बाहेरून आलेल्यांची यादी, फवारणी, विलगीकरणासाठी शाळेत ठेवलेल्यांची सोय, रेशन. अंगणवाडीताई आणि आशाताई सर्वेक्षणावर. पोलिस नाक्यावर. मी तक्ता भरत होते ते वर सांगितलंच. मुलगी शाळेत आली नाही की चौकशी करणारी माणसं सगळी दुसऱ्या कामाला लावली होती, आणि शाळाच बंद असल्यामुळे कुणीच गैरहजर नव्हतं. हे वाक्य मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. हजेरीच नव्हती, तर गैरहजेरी कुठून लागणार?

2021 च्या एप्रिलमध्ये ‘ब्रेक द चेन’चा आदेश आला. लग्नाला 25 माणसं, दोन तासांत आटोपायचं, मोडलं तर 50 हजार दंड. दंड डोक्यांवर होता. आमच्या बाजूला एका लग्नात पथक आलं, माणसं मोजली, जास्तीची भिंतीवरून उड्या मारून पळाली, पावती फाटली, पथक गेलं. बोहल्यावर कोण आहे हे विचारायचं त्यांच्या कामात नव्हतं. कुणी विचारलं असतं तर बहुधा ‘एकोणीस’ उत्तर आलं असतं, हेही मान्य.

आता आपण म्हणाल, बालविवाह बीडला नवे आहेत का? नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 20 ते 24 वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात 21.9 टक्के निघालं आणि बीडमध्ये 43.7. राज्याच्या दुप्पट. पण त्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम 2019 च्या जून ते डिसेंबरात झालं. म्हणजे हा आकडा टाळेबंदीच्या आधीचा आहे. आदेशावर सही झाली तेव्हा जिल्ह्याची स्थिती अशी होती. ज्या घरात काडेपेटी आधीच उघडी ठेवलेली आहे तिथे ठिणगी कशाने उडेल, एवढा विचार करायला नवं संशोधन लागत नव्हतं.

बीडची ही स्थिती का आहे, ते मंत्रालयात बसणाऱ्याला थोडं सांगायला हवं. आमच्याकडे मजुरी माणसागणिक मोजत नाहीत, कोयत्यागणिक मोजतात. कोयता म्हणजे जोडपं. दसऱ्याच्या आधी मुकादम उचल देतो ती जोडप्याला. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत घ्यायला मुकादम नाखूष असतो. मुलगा अठरा-एकोणीसचा झाला की घरच्यांना त्याचा कोयता पुरा करायची घाई होते. दुसऱ्या बाजूला मुलीचे आईबाप पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, साताऱ्याला, नाही तर कर्नाटकात. तेरा-चौदा वर्षांची मुलगी मागे ठेवायची कुणापाशी? सोबत न्यावी तर उसाच्या फडात, कारखान्याच्या तळावरच्या कोपीत. दाराला कडी नाही, आडोसा नाही, पहाटे चारला आई फडात गेली की पोर कोपीत एकटी. गावी ठेवावी तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर. तिसरी वाट लग्नाची. या आईबापांना अडाणी म्हणणाऱ्यांनी चौथी वाट सांगावी.

चौथी वाट होती, आणि ती शासनानेच काढलेली होती. हंगामी वसतिगृह. ऊस तोडायला जाणाऱ्यांची मुलं गावातच राहावीत, शाळेत जावीत, जेवणाची सोय व्हावी. त्या योजनेत गळती होती, कागदावरची मुलं होती, हे मी आतून पाहिलं आहे आणि त्यावर वेगळं पत्र लिहिता येईल. पण माझ्या शाळेतल्या मुलींना त्या वसतिगृहाने दहावीपर्यंत ओढत आणलं, हेही मीच पाहिलं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमची माणसं तळांवर अडकली. काही जण लेकरं खांद्यावर घेऊन आडवाटांनी चालत निघाले. 17 एप्रिलला शासनाने त्यांना घरी जायची परवानगी दिली तेव्हा 38 कारखान्यांवरच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत 1 लाख 31 हजार ऊसतोड कामगार होते. तोवर गाळप चालू होतं. साखर अत्यावश्यक होती. ऊस उभा वाळू नये, कारखाना थांबू नये, हे मला कळतं. शेतकऱ्याचं वर्ष त्यावर असतं. मग ऑक्टोबर आला. मजुरीच्या वाढीसाठी संप झाला, सरासरी 14 टक्के वाढ मिळाली, ट्रक-ट्रॅक्टर भरून टोळ्या पुन्हा निघाल्या. साथ चालूच होती. तळावर शेकडो कोपी एकमेकींना चिकटून, पाण्याचा एक टँकर, त्याभोवती झुंबड. तिथे अंतराचा नियम कुणी मोजला नाही. आणि गावातलं हंगामी वसतिगृह मात्र बंद, कारण शाळा बंद, कारण मुलं एकत्र आली तर संसर्ग होईल.

म्हणजे तेच मूल वसतिगृहाच्या सतरंजीवर धोक्यात होतं आणि कोपीत पाचटावर सुरक्षित होतं. आपल्या आदेशांचा एकत्र अर्थ एवढाच निघतो. एकेक आदेश वेगळा वाचला तर प्रत्येक शहाणपणाचा वाटतो. सहकार विभागाने आपलं पाहिलं, शिक्षण विभागाने आपलं पाहिलं, आरोग्य विभागाने आपलं. तिन्ही आदेश एकाच घरात एकाच आठवड्यात पोचतात, हे कुणी पाहिलं नाही. त्या हंगामात ज्या घरांनी मुलगी ना सोबत नेली ना मागे ठेवली, त्यांनी ती दिवाळीच्या आत उजवली. मुकादमालाही नवा कोयता मिळाला.

परीक्षेचं सांगते, कारण ही गोष्ट शिक्षकाशिवाय कुणाच्या ध्यानात येणार नाही. 2020 च्या दहावीचा भूगोलाचा पेपर 23 मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला. 2021 ला तर दहावीची परीक्षाच रद्द, निकाल 99.95 टक्के. शहरातल्या पालकांना वाटलं मुलांचं नुकसान झालं, गुणांना किंमत राहिली नाही. आमच्याकडचं नुकसान निराळं होतं. आमच्या मुलींना दहावीची परीक्षा ही ढाल होती. स्थळ आलं की आई म्हणायची, “पेपर होऊ द्या.” या तीन शब्दांना सासरचेही मान देतात. सून दहावी झालेली असली तर हिशेब ठेवील, म्हणून थांबतात. त्या थांबण्यात एक वर्ष निघतं, कधी अकरावीला नाव घालता येतं, कधी नर्सिंगचा फॉर्म भरता येतो आणि मुलगी हातची सुटते, चांगल्या अर्थाने. पेपरच नाहीत म्हटल्यावर आईकडे सांगायला काय उरलं? घरबसल्या पास झालेल्या मुलीला पाव्हणे म्हणाले, झाली की दहावी.

त्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं घोषवाक्य होतं. माझ्याही वर्गाचा व्हॉट्सअप ग्रुप होता. छत्तीस मुलांपैकी अकरा फोन ग्रुपवर आले, तेही बापाचे. बाप फडात असला की फोन फडात. एका सकाळी मी त्यातल्या एका मुलीच्या बापाच्या फोनवर अलंकारांचा पाठ पाठवला आणि दोन निळ्या खुणा दिसल्या. मला केवढा आनंद झाला होता. नंतर कळलं, तो फोन मुलीच्या भावाने ऊसगाडीच्या बॅटरीवर चार्ज करताना उघडला होता. मुलगी तेव्हा सासरी होती.

शाळा कधी उघडल्या तेही एकदा सलग वाचा. मार्च 2020 च्या मध्याला बंद. नववी-बारावी 23 नोव्हेंबरला उघडली, पाचवी-आठवी 27 जानेवारी 2021 ला. जरा कुठे घंटा वाजू लागली तोच पुन्हा कुलूप. ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग नीट सुरू झाले 4 ऑक्टोबर 2021 ला. राज्यातले बार उघडले होते 5 ऑक्टोबर 2020 ला. बरोबर एक वर्षाचा फरक, एक दिवस कमी. बारमधून महसूल येतो, वर्गातून येत नाही, हे मला कळायला निवृत्ती लागली नाही. आणि शाळा उघडल्या त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो थेट पुढच्या एप्रिलपर्यंत. त्याचा दोष साथीच्या आदेशांना देता येत नाही. पण मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी बसने आठ-दहा किलोमीटरवरच्या हायस्कूलला जाणारी मुलगी त्या वर्षीही घरीच राहिली. दोन वर्षं घरी बसलेल्या मुलीला बाप तिसऱ्या वर्षी शाळेत घालत नाही.

हे कुणाला आधी कळणं शक्य नव्हतं, असं म्हणू नका. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये 2014 ला इबोला आला, शाळा जवळजवळ नऊ महिने बंद राहिल्या. त्या काळात इतक्या शाळकरी मुली गरोदर राहिल्या की शाळा उघडल्यावर तिथल्या सरकारने गरोदर मुलींना वर्गात यायलाच बंदी केली. ती बंदी उठली 30 मार्च 2020 ला. आपल्याकडे देशभरची टाळेबंदी लागून तेव्हा सहा दिवस झाले होते. म्हणजे ज्या आठवड्यात ते आपली चूक दुरुस्त करत होते त्या आठवड्यात आपण ती गिरवायला घेतली. 2021 च्या महिला दिनी युनिसेफने सांगितलं की साथीच्या परिणामांमुळे या दशकात जगात आणखी एक कोटी मुलींची लग्नं बालवयात होण्याचा धोका आहे. ते सांगितलं गेलं त्यानंतर सहा आठवड्यांनी आपला 25 माणसांचा आदेश निघाला. त्यात मुलगी हा शब्द नाही.

आणि लांब कशाला जायचं. ज्या 1897 च्या कायद्याचा हवाला प्रत्येक आदेशात असतो, त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजीर घराघरांत घुसले. लोक आजारी माणसं लपवू लागले, प्रेतं लपवू लागले, म्हणजे रोग पसरायला मदतच झाली. 22 जूनच्या रात्री काय झालं ते शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पोरं फक्त चापेकरांचं नाव पाठ करतात; धडा खरं तर प्रशासनाचा आहे. घरात शिरणारा आदेश घरातल्या माणसाला काय करायला भाग पाडतो, हे त्या कायद्याच्या पहिल्याच वर्षात दिसलं होतं.

माझ्या ‘एकोणीस’चं पुढे काय झालं, तेही ऐका. ती गरोदर राहिली तेव्हा खरं वय सांगितलं असतं तर पोक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवणं भाग होतं. कायदा तिच्या रक्षणासाठीच आहे, पण त्याच्या भीतीने सासरच्यांनी सरकारी दवाखाना टाळला. शेवटच्या महिन्यात नेली, तिथेही एकोणीस. बाळ कमी वजनाचं. माझ्या तक्त्यातला आकडा आता सगळ्या कागदांवर गेला आहे. यापुढे त्या मुलीच्या वाटेला काय येऊ शकतं, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडच्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन बाळंतपणं, फडात मोळी उचलणं, पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, अंगावरून जायला लागलं की ‘पिशवी काढून टाका’. तो अहवाल सरकारदरबारी पडून होता, टाळेबंदीच्या आदल्याच वर्षीचा. या साखळीचं पहिलं टोक कुठे आहे, ते शासनाला ठाऊक होतं.

माझ्या मागण्या फार नाहीत आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही.

पुढची साथ येईल तेव्हा लग्नाला पन्नास माणसांची परवानगी द्यावीच लागली, तर त्या अर्जाला नवरीचा शाळेचा दाखला जोडायला सांगा. जन्मतारखेचा. एवढी एक ओळ. पथक माणसं मोजायला येणारच आहे, त्याने तेवढा कागदही बघावा. हंगामी वसतिगृहाला साखर कारखान्याइतकंच अत्यावश्यक ठरवा. कारखान्याचा भोंगा वाजवायची परवानगी आणि वसतिगृहाचं कुलूप काढायची परवानगी एकाच कागदावर निघू द्या. 2021 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं मंजूर केली. ती भाड्याच्या खोल्यांतून स्वतःच्या इमारतींत न्या, मुलींची आधी. आणि ग्रामसेवक, आशाताई, शिक्षक यांना साथीच्या कामाला जुंपाल तेव्हा गावातल्या दहा ते अठरा वयाच्या मुलींवर लक्ष ठेवणारं एक तरी माणूस मोकळं सोडा. आमच्या तक्त्यात ताप आणि ऑक्सिजनबरोबर एक रकाना जास्त असता, ‘घरात अठराच्या आतली विवाहित मुलगी आहे का’, तर मला लपायला जागा उरली नसती.

ज्या मुली गेल्या त्यांच्यासाठीही काही करता येतं. 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायची सोय आपल्याकडे आहेच. त्या दोन वर्षांत शाळा सुटलेल्या मुलींची फी माफ करा आणि केंद्र सासरच्या तालुक्याला द्या. त्यातल्या कितीजणी येतील? थोड्या येतील. माझी ती विद्यार्थिनी मागच्या वर्षी बाजारात भेटली, कडेवर पोरगं. म्हणाली, “बाई, पुस्तकं आहेत का हो तुमच्याकडं जुनी?” मी दिली. परीक्षेला बसली की नाही, सासरच्यांनी बसू दिली की नाही, ते विचारायला तिच्या वाडीवर जायचं मला अजून धाडस झालेलं नाही.

शेवटची मागणी मोजणीची. मार्च 2020 मध्ये बीड जिल्ह्याच्या शाळांत सातवी ते दहावीत असलेल्या प्रत्येक मुलीचं नाव आपल्या ‘सरल’ या विद्यार्थी-नोंदीच्या प्रणालीत आहे. पुढच्या दोन वर्षांत नोंदल्या गेलेल्या गरोदर मातांची नावं आरोग्य केंद्रांच्या रजिस्टरांत आहेत. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवायच्या. खटले भरू नका; पंचविशीतल्या नवऱ्याला तुरुंगात घालून त्या मुलीची भाकर बंद होईल. फक्त मोजा आणि तो आकडा जिल्हानिहाय छापा, म्हणजे पुढचा आदेश लिहिणाऱ्याच्या टेबलावर तो असेल.

संगणक चालला नाही तरी काम अडणार नाही. 2019-20 चे हजेरीपट गावोगावच्या शाळांच्या लोखंडी कपाटांत आहेत. माझ्या वर्गाचाही आहे, जन्मतारखांसकट. मागवून घ्या.

आपली,
जिल्हा परिषदेची एक निवृत्त शिक्षिका,
बीड जिल्हा.